भावाने तुरुंगात धर्म बदलला आहे; त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दारूच्या नशेतल्या मारामारीत धाकट्या भावाच्या हातून एक माणूस मेला, त्याची शिक्षा तो भोगतो आहे. तीन वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत त्याने धर्म बदलला. पत्राखाली नवं नाव लिहितो, ‘मला क्षमा मिळाली आहे’ असं म्हणतो आणि आता मृताच्या घरच्यांना पत्र लिहायचं म्हणतो आहे. वडिलांच्या मते हे पॅरोलसाठी चाललेलं नाटक आहे. आईला गुन्ह्यापेक्षा धर्म बदलल्याचं दुःख जास्त दिसतं. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे खरं आहे की सोंग, आणि ते ओळखायचं कसं.

कुठल्या धर्मातून कुठल्या धर्मात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बरंच झालं. माझं उत्तर त्याने बदललं नसतं. मी कुठल्याही धर्माचा उपदेशक नाही. तुरुंगात समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करत आलो आहे. या काळात सगळ्या दिशांनी झालेले धर्मबदल पाहिले. स्वतःच्याच धर्मात नव्याने शिरलेले पाहिले, आणि देवावरचा विश्वास आत आल्यावर कायमचा उडालेलेही पाहिले.

आधी प्रश्नच थोडा सरळ करू. ‘खरं की सोंग’ असं तुम्ही विचारता, पण तुम्हाला खरी काळजी आहे ती दोन गोष्टींची. हा सुटून घरी आला की त्याच्या भरवशावर राहता येईल का? आणि तोवर त्याच्याशी वागायचं कसं? पहिल्याचं उत्तर आज कुणीच देऊ शकत नाही, मीही नाही आणि तोही नाही. दुसऱ्याचं बऱ्यापैकी देता येतं.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगून टाकतो. खटला चालू असलेला कच्चा कैदी आणि शिक्षा लागलेला पक्का कैदी यांच्या श्रद्धेचा सूर वेगळा असतो. कच्चा कैदी बहुतेक वेळा सुटकेसाठी देवाला साकडं घालत असतो. निकाल लागला की त्यातली निम्मी भक्ती ओसरते, मग निकाल कुठल्याही बाजूने लागो. तुमच्या भावाचा निकाल लागून गेला आहे आणि त्यानंतर बऱ्याच काळाने हा बदल झाला, ही माझ्या दृष्टीने त्याच्या बाजूची गोष्ट आहे. अपील अजून चालू असेल तर मात्र हे वाक्य थोडं मागे घ्यावं लागेल. तो राहतो कुठे, एकट्या कोठडीत की मोठ्या बराकीत, यानेही फरक पडतो. त्याला या मार्गाला कुणी लावलं, बाहेरून येणाऱ्या धर्मसेवकाने की बराकीतल्याच एखाद्या दादाने, हेही विचारून घ्या.

आता हे का घडतं, ते बघू. लोकांना वाटतं, एकांतात माणूस आपोआप अंतर्मुख होतो. ही कल्पना जुनी आहे आणि तिची परीक्षाही होऊन गेली आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1829 साली उघडलेल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, वर छताला एक झरोका, हातात बायबल आणि बाकी संपूर्ण शांतता, अशी व्यवस्था होती. पश्चात्ताप आतून उगवेल अशी अपेक्षा होती. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स 1842 साली तो तुरुंग पाहून आला आणि त्याने या एकांतवासाला क्रूर ठरवलं. एकटेपणाने माणसं झुरतात, कधी भ्रमिष्ट होतात. माझाही अनुभव असा, की आतली श्रद्धा एकांतातून क्वचितच येते. ती येते दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीतून.

सोबतीइतकंच मोठं दुसरं कारण म्हणजे स्वतःची गोष्ट तुटणं. तुरुंगात आलेल्या माणसाला ‘मी कोण’ याचं एकच उत्तर दिलं जातं: अमुक कलमाखालचा अमुक नंबर. पूर्वीचा मुलगा, भाऊ, कामगार, मित्र, सगळं त्या नंबराखाली दबतं. गुन्हेगारीचे अभ्यासक शॅड मरुना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये तुरुंगात धर्माकडे वळलेल्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन 2006 साली जे मांडलं, ते मला कामात रोज दिसतं. धर्म त्या माणसाला ‘गुन्हेगार’ या शिक्क्याऐवजी दुसरी ओळख देतो. तुरुंगातल्या वर्षांना अर्थ देतो. हतबल माणसाला आपण देवाच्या कामाचे आहोत असं वाटू लागतं. क्षमेबद्दल बोलायला भाषा मिळते. आणि पुढे काय होणार ही धास्ती थोडी आवाक्यात येते. तुमच्या भावाची पत्रं समोर ठेवून हे पुन्हा वाचा. नवं नाव, नवं कुटुंब, ‘मला इथे आणलं त्यामागे काही हेतू होता’, असं बहुतेक सगळं त्यात सापडेल. याचा अर्थ तो पुस्तकी बोलतो आहे असा नाही. गरज सारखी असते म्हणून उत्तरंही सारखी निघतात.

मग अगदी रोखठोक फायदे. बराकीत एकटा माणूस सोपं सावज असतो. जो गट एकत्र प्रार्थना करतो, त्यातल्या माणसाला हात लावताना चारदा विचार होतो. प्रार्थनेच्या निमित्ताने कोठडीबाहेर तासभर मिळतो, दुसऱ्या बराकीतला मित्र भेटतो, बाहेरून आलेला कुणी माणूस नंबराऐवजी नावाने हाक मारतो. दिवसाला आकार येतो. पहाटे उठायचं, अमुक वेळी पाठ, अमुक दिवशी उपास. वेळ खायला उठते त्या जागी याची किंमत बाहेर बसून कळणार नाही.

म्हणून वडिलांचं म्हणणं मी पूर्ण खोटं म्हणत नाही. फायदा असतोच. माझा त्यांच्याशी मतभेद पुढच्या पायरीवर आहे. फायद्यासाठी सुरू झालेली गोष्ट खोटीच राहते, असं मला दिसलेलं नाही. गर्दीपासून तासभर सुटका म्हणून प्रार्थनेला जाऊन बसलेला माणूस वर्षाने तिथे मनापासून बसलेला असतो, आणि अगदी रडत, उचंबळून आलेला दुसरा एखादा तीन महिन्यांत दिसेनासा होतो. आणि पॅरोलसाठी हे तसं कमकुवत हत्यार आहे. निर्णय घेणाऱ्यांनी अशा शेकडो गोष्टी ऐकलेल्या असतात; ते धर्माकडे कमी आणि वर्तन, व्यसनमुक्ती, काम, सुटल्यावर राहायची सोय याकडे जास्त बघतात. नाटकच करायचं असतं तर धर्म बदलून घरच्यांचा रोष ओढवून घेण्यापेक्षा सोप्या वाटा होत्या. जन्माच्या धर्मातच दोन पोथ्या जास्त वाचल्या असत्या, तर आईही खूश झाली असती.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार बोलकी वाटते. मध्य अमेरिकेतल्या गुन्हेगारी टोळ्यांतून बाहेर पडायची परवानगी सहसा नसते, सोडणाऱ्याला मारतात. पण एखादा इव्हँजेलिकल ख्रिस्ती झाला आणि मनापासून झाला, तर त्याला बऱ्याचदा जाऊ देतात. मात्र नंतर त्याच्यावर पाळत असते. तो चर्चमध्ये जातो का, पुन्हा दारू पितो का, जुने धंदे करतो का. सोंग निघालं तर जिवाशी गाठ. म्हणजे श्रद्धेचा खरेपणा तपासायची पद्धत ज्यांना सर्वात जास्त गरज होती त्यांनी शोधली, आणि तीही मनात डोकावण्याची नाही, वागण्यावर लक्ष ठेवण्याची आहे.

मी तेच करतो, अर्थात सुरी न दाखवता.

माझी पहिली खूण म्हणजे गेलेला माणूस. नव्या श्रद्धेच्या बोलण्यात तो कुठे आहे? बरेच जण देव, स्वतः आणि सैतान अशी तिघांचीच गोष्ट सांगतात. ‘मी अंधारात होतो, त्याने मला उचललं.’ मेलेला माणूस त्यात नसतो. असला तर ‘तो प्रसंग’ म्हणून असतो. ज्याच्या बोलण्यात त्या माणसाचं नाव येतं, त्याला मुलं किती होती हे येतं, आणि ‘मी मारलं’ हे वाक्य ‘पण’शिवाय पूर्ण होतं, त्याच्या बाबतीत मला आशा वाटते. तुमच्या भावाच्या ‘मला क्षमा मिळाली आहे’ या वाक्यावर म्हणूनच मी थोडा थबकलो. कुणाकडून मिळाली? देवाकडून मिळाली असेल तर तो त्याचा आणि देवाचा मामला. त्या कुटुंबाने अजून काही दिलेलं नाही, आणि त्यांनी द्यावंच असं कुणी म्हणू शकत नाही.

लोक अशा वेळी वाल्याचा वाल्मीकी झाला असं म्हणतात. मी बैठकांत जास्त वेळा अंगुलिमालाची गोष्ट सांगतो, आणि तीही उत्तरार्धाची. पूर्वार्ध सगळ्यांना पाठ असतो: बोटांची माळ घालणारा दरोडेखोर बुद्धाला शरण येतो आणि भिक्खू होतो. पुढचा भाग असा, की तो भिक्षेला निघतो तेव्हा लोक त्याला दगडधोंड्यांनी मारतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो, आणि बुद्ध त्याला सांगतात, सहन कर. चीवर घातलं म्हणून मागचा हिशेब बंद झाला नाही. ब्रिटनमधली 1985 साली स्थापन झालेली बौद्ध तुरुंगसेवा अंगुलिमाल याच नावाने चालते. तुमचा भाऊ ज्या धर्मात गेला आहे त्यातही या अर्थाचं काहीतरी असेलच. ते त्याला सापडलं आहे का, हे त्यालाच विचारा.

दुसरं मी बघतो ते बदली. कैद्याला एका तुरुंगातून दुसरीकडे किंवा एका बराकीतून दुसरीत हलवलं, की जुना गट सुटतो. तिथे त्या धर्माचं कुणी नसेल, किंवा त्याची टिंगल होत असेल, तरी त्याची शिस्त टिकते का? खूप जणांची टिकत नाही. ते खोटे होते असं मी म्हणणार नाही, त्यांची श्रद्धा गटात होती एवढंच.

आणि तिसरं, कोरडा काळ. सुरुवातीचे काही महिने भरती असते. सगळं लख्ख दिसतं, प्रत्येक योगायोगात इशारा दिसतो. मग ओहोटी लागते. ‘हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही, तरी बसतो’ असं सांगणारा कैदी मला अखंड आनंदात असलेल्या कैद्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. तुमचा भाऊ अजून भरतीत दिसतो. त्यामुळे त्याच्या आजच्या पत्रांवरून कसलाच निकाल देऊ नका, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींमधून एक भीती जाणवली: तो कुणा टोकाच्या लोकांच्या हाती तर लागला नाही ना? अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतल्या तुरुंगात काम करणाऱ्या धर्मसेवकांची प्यू रिसर्च सेंटरने पाहणी केली होती, 2012 साली. तिथे जवळपास तीन चतुर्थांश जणांनी सांगितलं, की कैद्यांनी इतर कैद्यांना आपल्या धर्मात ओढायचा प्रयत्न करणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. म्हणजे ओढाओढ असते. पण ओढाओढ आणि माथी भडकवणं यात अंतर आहे. घरच्यांशी बोलणं तोडायला सांगणं, एकाच माणसाचा शब्द अखेरचा मानणं, बाकीच्यांबद्दल किळसवाणी भाषा आणि काही गोष्टी पत्रात न लिहिण्याची ताकीद, हे दिसलं तर तुरुंगातल्या समुपदेशकाशी किंवा अधिकाऱ्याशी बोला. तुमचा भाऊ उलट घरच्यांना जास्त पत्रं लिहितो आहे. मला इथे घाबरण्यासारखं काही दिसत नाही.

आईच्या दुःखाबद्दल माझ्याकडे औषध नाही. एवढंच सांगेन की त्याला अडवायचा अधिकार कुणालाच नाही, तसाच त्याला ढकलायचाही कुणाला नाही. संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीबाबत 2015 साली सुधारून स्वीकारलेल्या नियमांत, म्हणजे नेल्सन मंडेला नियमांत, हे स्पष्ट आहे: कैद्याला त्याच्या धर्माच्या प्रतिनिधीला भेटता आलं पाहिजे, धर्मग्रंथ जवळ ठेवता आले पाहिजेत, आणि एखाद्याला धर्मसेवकाची भेट नको असेल तर तेही पूर्णपणे मानलं पाहिजे. तुरुंगातलं धर्मांतर हे शेवटचं स्टेशन असतं असंही नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याचं उदाहरण घ्या. 1946 साली तो तुरुंगात गेला. भावंडांच्या पत्रांतून आणि भेटींतून त्याला नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक संघटनेची ओळख झाली, आणि 1952 साली बाहेर आला तो त्या संघटनेचा कट्टर अनुयायी होऊन. मग 1964 मध्ये त्याने ती संघटना सोडली, हज केली आणि सुन्नी इस्लामकडे वळला. माणूस चालत राहतो. आणि हेही बघा, की त्याला वळवलं ते घरच्यांच्या पत्रांनी. तुमच्या पत्रांना वजन आहे.

आता मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: दारू. गुन्हा नशेत झाला. नव्या धर्माने दारू सोडायला सांगितली असेल, आणि त्याने ‘आता मी पीत नाही’ असं लिहिलंही असेल. तुरुंगात दारू मिळतच नाही असं मी म्हणणार नाही, पण तिथलं न पिणं ही बाहेरच्या न पिण्याची परीक्षा नव्हे. श्रद्धेचा व्यसन सोडायला उपयोग होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना 1935 पासून आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकण्याच्या कल्पनेवरच उभी आहे, आणि ती शक्ती कुठली हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं असतं. पण त्यांच्याकडेही नुसती प्रार्थना नसते. नियमित बैठका असतात, सोबतीला एक जुना माणूस असतो, ज्यांना दुखावलं त्यांची यादी असते. तेव्हा भावाला धर्माबद्दल वाद घालण्याऐवजी हे विचारा: तिथे व्यसनमुक्तीचा गट आहे का, तू जातोस का? ‘मला आता त्याची गरज नाही, देवाने बरं केलं’ असं उत्तर आलं तर माझ्या लेखी ती धोक्याची घंटा आहे, त्याची श्रद्धा कितीही खरी असली तरी.

सुटल्यावर काय, याबद्दल एक आकडेवारी सांगतो. ती दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 1997 साली इनरचेंज नावाचा ख्रिस्ती पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला. 2003 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी फक्त 8 टक्के पुन्हा तुरुंगात गेले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गटातले 20 टक्के. मोठा गाजावाजा झाला. पण सुरुवात केलेल्या 177 जणांपैकी पूर्ण केलं होतं 75 जणांनी, आणि सगळे 177 मोजले तर परत गेलेल्यांचं प्रमाण 24 टक्के, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा थोडं जास्तच. शिवाय ‘पूर्ण केलं’ म्हणायला सुटल्यावर नोकरी टिकवणं आणि चर्चशी संबंध ठेवणं या अटी होत्या. ज्याची नोकरी टिकली तो परत गेला नाही, यात नवल ते काय?

टीकाकारांनी यातून धर्माचा उपयोग शून्य असा अर्थ काढला. मला ते घाईचं वाटतं. मला त्यात दिसतं ते असं, की आतल्या श्रद्धेचं पुढे काय होतं हे बाहेरच्या पहिल्या वर्षात ठरतं. आत दिवस बांधलेला असतो. बाहेर आल्यावर पहाटे उठवणारं कुणी नसतं, गट विखुरलेला असतो, आणि जुने मित्र त्याच जुन्या जागी असतात. त्यात नव्या धर्माच्या बाहेरच्या मंडळींना कैदी म्हणून आवडलेला माणूस शेजारी म्हणून नको असतो, हेही मी अनेकदा पाहिलं आहे. तुरुंगात येऊन मिठी मारणारे लोक सुटल्यावर फोन उचलत नाहीत. म्हणून आत्ताच चौकशी करा. जे त्याला भेटायला येतात ते सुटल्यावर त्याला आठवड्यातून एकदा तरी भेटतील का, कामाला लावतील का? हो म्हणाले तर धर्म कुठला का असेना, आईनेही त्यांच्याशी ओळख करून घ्यावी.

तोवर वागायचं कसं, त्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. नवं नाव वापरायला जड जात असेल तर ‘बाळा’, ‘भाऊ’ म्हणा आणि तसं त्याला सरळ सांगा; नावावरून भेटीच्या खिडकीत भांडू नका, ती वेळ फार थोडी असते. वडिलांना नाटक वाटतं तर वाटू द्या, फक्त ते त्यांनी त्याच्या तोंडावर दर भेटीत म्हणू नये, एकदा म्हणून झालं आहे. तुम्ही त्याला रोजच्या गोष्टी विचारा: काय वाचतोस, कुणाशी बोलतोस, कामावर काय चाललंय. घरातल्या साध्या बातम्या द्या. तो सगळं देवावर नेईल. नेऊ द्या, पुढच्या पत्रात पुन्हा साधं विचारा. पैसे मागत असेल तर ते कुठे जातात हे बघूनच द्या. कुठल्याही गटाला देणगी म्हणून अजिबात पाठवू नका.

राहिलं मृताच्या कुटुंबाला लिहायचं पत्र. ते त्याने परस्पर पाठवू नये, आणि तुम्ही तर मुळीच पोचवू नये. अपील बाकी असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही जाऊ नये, हे झालं कायद्याचं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की अचानक आलेलं ‘मला क्षमा करा’ हे पत्र त्या घरावर नवं ओझं टाकतं. उत्तर दिलं तरी त्रास, नाही दिलं तरी त्रास. अनेक देशांत पीडित आणि गुन्हेगार यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या सेवा आहेत. तिथे आधी त्या कुटुंबाला विचारतात, त्यांची इच्छा असेल तरच पुढे जातात. सिकॅमोर ट्री नावाच्या उपक्रमात तर कैदी आपल्या गुन्ह्यातल्या पीडितांना भेटतच नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी गुन्ह्यात होरपळलेली माणसं येऊन आपलं काय झालं ते सांगतात आणि कैद्यांनी ऐकायचं असतं. असं काही त्याच्या तुरुंगात आहे का, ते विचारा. नसेल तर त्याला पत्र लिहू द्या, पण समुपदेशकाकडे ठेवायला सांगा. सहा महिन्यांनी दोघांनी मिळून ते पुन्हा वाचावं, आणि त्यात स्वतःबद्दल किती ओळी आहेत आणि त्या कुटुंबाबद्दल किती, हे मोजावं. मग पाठवायचं की नाही ते ठरवता येईल.